अम्र बिल मारूफ व नही अनिल मुनकर

चांगल्याचा आग्रह धरणे आणि वाईटापासून परावृत्त करणे, हे इस्लामी धर्मशास्त्रातील कर्तव्य. मुख्य आधार कुराणातील ३:१०४ व ३:११० या आयती. बहुतेक सुन्नी शास्त्रकार याला ‘फर्ज-ए-किफाया’ मानतात : काहींनी पार पाडले की बाकीचे सुटतात, कोणीच न केल्यास सगळे दोषी. मुअतझिला या बुद्धिवादी इस्लामी पंथाच्या पाच मूलतत्त्वांत ते येते. बारा इमामी शिया त्याची गणना ‘फुरू-ए-दीन’मध्ये, म्हणजे धर्माच्या आचारविषयक कर्तव्यांत, करतात.

‘सहीह मुस्लिम’ या संग्रहातील प्रसिद्ध हदीस (पैगंबरांचे वचन) सांगते, की मुनकर, म्हणजे वाईट कृत्य, दिसले तर ते हाताने बदलावे, जमत नसेल तर जिभेने, तेही नसेल तर मनाने, आणि ही श्रद्धेची सर्वांत दुबळी पायरी. हदीसमध्ये हात आधी येतो, पण धर्मशास्त्री गझाली (मृ. ११११) यांनी लावलेला क्रम सौम्याकडून कठोराकडे जातो : आधी माहिती देणे, मग उपदेश, मग खडसावणे, त्यानंतर वस्तू हटवणे, धमकी, मार. मुलाने वडिलांना चूक दाखवावी, गोडीने समजवावे. दरडावणे त्याच्या अधिकारात नाही.

टोकण्यासाठी गझालींच्या चार अटी अशा : कृत्य खरोखर मुनकर हवे, ते त्या वेळी चालू हवे, पाळत न ठेवता दिसायला हवे आणि त्याच्या निषिद्धपणाबद्दल मतभेद नसावा. या चौथ्या अटीनुसार हनफीने शाफिईला (हे दोन्ही सुन्नी विधिपंथ) सांड्याचे, म्हणजे वाळवंटी सरड्याचे, मांस खाण्यावरून टोकू नये. कोकणी मुसलमान शाफिई, तर महाराष्ट्रातले इतर सुन्नी बहुतांशी हनफी. शाफिई नमाजात रुकूला (कमरेत वाकायला) जाताना हात उचलतो, हनफी उचलत नाही. त्यावरून एकमेकांना अडवणे या चौकटीत बसत नाही. तिसऱ्या अटीसाठी खलिफा उमर यांची कथा सांगतात. ते भिंत चढून एकाच्या घरात उतरले आणि त्याला पापकर्मात पकडले. तो म्हणाला, माझा गुन्हा एक, तुमचे तीन : पाळत ठेवली, दाराने आला नाहीत, सलाम केला नाही. उमर यांना त्याला सोडावे लागले.

हेच काम राज्याने हाती घेतले की त्याला हिस्बा म्हणतात, अधिकाऱ्याला मुहतसिब. स्वयंप्रेरणेने टोकणारा आणि मुहतसिब यांतले नऊ फरक शास्त्रकार मावर्दी (मृ. १०५८) यांनी नोंदवले आहेत. मुहतसिबाचा बराचसा दिवस बाजारातच जाई. बाराव्या शतकातील शैझरी या लेखकाची मुहतसिबांसाठीची हस्तपुस्तिका त्याला वजने-मापे तपासायला लावते. कणीक पायांनी, गुडघ्यांनी वा कोपरांनी मळायची नाही. मळणाऱ्याने तोंडावर फडके आणि घाम गळू नये म्हणून कपाळाला पांढरी पट्टी बांधायची. माश्या हाकायला शेजारी माणूस उभा. दुधात केस बुडवून काढायचा. त्याला दूध चिकटले नाही तर पाणी घातले आहे. भारतात औरंगजेबाने १६५९ मध्ये मुहतसिब नेमला.

आधुनिक काळात हे तपशील मागे पडले आणि पेहराव, नमाज, स्त्रीपुरुषांचे वावरणे यांवर भर आला. सौदी अरेबियात हे काम करणाऱ्या धार्मिक गस्ती पथकांचे अटकेचे व पाठलागाचे अधिकार एप्रिल २०१६ मध्ये काढून घेण्यात आले. इराणच्या १९७९ च्या संविधानातील आठवे कलम हे कर्तव्य परस्पर मानते : लोकांचे लोकांशी, शासनाचे लोकांशी आणि लोकांचे शासनाशी. यांतले तिसरे फारच क्वचित चालू शकले.