हिमस्खलनाचा धोका

डोंगरउतारावर साचलेले हिम सुटून कोसळण्याची शक्यता आणि कोसळल्यास त्याचा संभाव्य आकार, या दोहोंच्या एकत्रित अंदाजाला हिमस्खलनाचा धोका म्हणतात. देखरेखीखालील स्की-उतारांपासून दूर हिंडणाऱ्यांना तो स्वतः जोखावा लागतो. अशा प्रवासातील बहुसंख्य प्राणघातक अपघातांत बळी पडलेल्याच्या किंवा त्याच्या सोबत्यांच्याच भाराने हिम सुटलेले असते.

केवळ हिमाची जाडी पाहून काढलेला निष्कर्ष फसवा ठरतो. हिम थराथरांनी साचते आणि खरा प्रश्न या थरांच्या परस्परांतील पकडीचा असतो. जमिनीलगतचे हिम शून्य अंशाच्या आसपास राहते, तर पृष्ठभाग त्याहून बराच थंड होतो. साठा पातळ असेल, तर तापमानाचा हा फरक थोड्याच उंचीत सामावतो, बाष्प वर सरकत राहते आणि आतले कण साखरेसारखे कंगोरेदार व सुटे होतात. या ठिसूळ थरावर पुढे दाट हिम साचले, की वरून भक्कम दिसणारा उतार प्रत्यक्षात अत्यंत कमकुवत पायावर उभा असतो. त्यामुळे सुरुवातीला कमी हिम पडलेला हिवाळा नंतर अनेक आठवडे घातक राहू शकतो. एका माणसाच्या वजनाने ठिसूळ थर मोडला, तरी भंग क्षणार्धात दूरवर पसरतो आणि वरचा थर सलग सुटतो. पायाखालून येणारा ‘धप्प’ असा दबका आवाज व हिमात धावत जाणारे तडे ही त्याची सर्वांत स्पष्ट पूर्वसूचना होय. ती मिळताच तो उतार सोडावा.

अशी स्खलने प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. वारा हिम उचलून आडोशाच्या बाजूला साठवतो, म्हणून हिमवर्षाव थांबल्यावरही तेथील भार वाढत राहतो. पाऊस व झपाट्याने चढणारे तापमानही हिम अस्थिर करतात.

युरोपात १९९३ पासून धोक्याची पाच पायऱ्यांची श्रेणी वापरात आहे. तिसरी पायरी मधली असल्याने सौम्य भासते. परंतु पायरीगणिक धोका समप्रमाणात नव्हे, तर कितीतरी पटींनी वाढतो आणि मृत्यूंचा मोठा वाटा याच पायरीवर नोंदला जातो.

हिमाखाली पूर्ण गाडलेल्या व्यक्तीची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर वेगाने घसरते. बाहेरची मदत इतक्या लवकर क्वचितच पोहोचते, म्हणून प्रत्येकाजवळ ४५७ किलोहर्ट्झवर चालणारे शोधयंत्र, चाचपणीची घडीची सळई व फावडे असणे अत्यावश्यक आहे. संशयास्पद उतार एकेकाने ओलांडतात आणि इतर जण सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवतात.