‘नाव, असल्यास’: दुकानाच्या नावनोंदणीची पार्श्वभूमी

पाटी रंगवून झाली, शॉप ॲक्ट म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा दाखला हातात आलं, की बहुतेक दुकानदार समजतात की नाव आपलं झालं. मग कधीतरी दोन चौक सोडून त्याच नावाची दुसरी पाटी लागते आणि त्या दुकानाकडेही रीतसर शॉप ॲक्ट असतं. यात लबाडी कुणाचीच नसते. एकट्या मालकाच्या धंद्याचं नाव राखून ठेवणारी सरकारी नोंदवही आपल्याकडे नाहीच.

ब्रिटनमध्ये तशी वही होती. पहिलं महायुद्ध चालू असताना, 1916 मध्ये, तिथे कायदा झाला: स्वतःच्या नावाऐवजी दुसऱ्या नावाने धंदा करत असाल तर नोंद करा. पाटीमागे कोण आहे, मुख्य म्हणजे कुणी परकी तर नाही ना, हे कळावं एवढाच त्यामागचा हेतू होता. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ती वहीही बंद झाली.

भारतात आला तो 1932 चा भागीदारी कायदा. त्यात फर्मची नोंदणी ऐच्छिक ठेवली, पण कलम 69 ची मेख मारून: नोंदणी नसलेल्या फर्मला कराराच्या आधारे बाहेरच्यावर दावा लावता येत नाही. उधारी बुडाली तर बसा हात चोळत. नावावर बंधन होतं ते वेगळंच. ‘क्राउन’, ‘एम्परर’, ‘इम्पीरियल’, ‘रॉयल’ असे शब्द फर्मच्या नावात घ्यायचे तर सरकारची लेखी संमती हवी. साम्राज्याला स्वतःच्या नावाची काळजी होती, किराणावाल्याच्या नव्हे. स्वातंत्र्यानंतर 1950 मध्ये बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराविरुद्ध कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत, म्हणजे परवानगीशिवाय धंद्याला वापरता न येणाऱ्या नावांच्या यादीत, छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आहे, हे आपल्याकडच्या किती दुकानदारांना ठाऊक असेल, शंकाच आहे.

आता शॉप ॲक्टकडे, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडच्या गुमास्ता लायसनकडे. मुंबई इलाख्यात हा कायदा पहिल्यांदा 1939 मध्ये झाला आणि 1948 मध्ये नव्याने आला. तो होता दुकानातल्या नोकरांसाठी: दिवसाला नऊ तासांहून जास्त काम नको, आठवड्याची सुट्टी द्या, दुकान ठरल्या वेळेला बंद करा. निरीक्षकाला तपासणी करता यावी म्हणून दुकानांची नोंद हवी, बस्स. 1948 च्या कायद्याच्या कलम 7 मध्ये अर्जात काय द्यायचं ते सांगितलंय: मालकाचं आणि व्यवस्थापकाचं नाव, टपालाचा पत्ता आणि आस्थापनेचं नाव, ‘असल्यास’. दुकानाला नाव नसलं तरी कायद्याचं काही अडत नव्हतं!

या कागदाला वजन आणलं बँकांनी. फर्मच्या नावाने चालू खातं उघडायचं तर धंद्याचे पुरावे लागतात आणि रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांनी त्यांत शॉप ॲक्ट धरलं. अशा रीतीने कामगारांच्या तासांचा कागद नावाचा दाखला बनला. पुढे आलेला जीएसटी असो की लघुउद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी, तिथेही तुम्ही सांगाल ते नाव लिहून घेतात. ते आधी कुणी घेतलंय का, हे बघणं त्यांचं काम नाही.

नावावरचा हक्क मिळतो ट्रेडमार्कमधून. देशातला त्याचा पहिला नोंदणी कायदा 1940 चा, आजचा 1999 चा. नोंदणी दहा वर्षांची असते, पुढे नूतनीकरण करत राहायचं. नोंदणी नसलेला अगदीच उघड्यावर पडतो असंही नाही. अहमदाबादच्या ‘मुक्तजीवन कलर लॅब’च्या खटल्यात खालच्या न्यायालयांनी नाकारलेला मनाईहुकूम सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2001 मध्ये दिला, वापरातून कमावलेल्या नावाचा फायदा दुसऱ्याला घेता येणार नाही, असं ठरलं. मात्र अशा दाव्यात नाव आपण आधीपासून वापरतोय आणि गिऱ्हाईक आपल्याला त्याच नावाने ओळखतं, हे सिद्ध करावं लागतं. जुनी बिलं, जाहिराती जपून ठेवलेला दुकानदार इथे तरतो.

1948 चा कायदा जाऊन महाराष्ट्रात 2017 चा आला. दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीऐवजी नुसती ऑनलाइन सूचना पुरेशी झाली. त्या सवलतीत मराठी पाटीच्या नियमातूनही छोटी दुकानं सुटली होती. 2022 च्या दुरुस्तीने ती पळवाट बुजवली. त्याच दुरुस्तीत आणखी एक अट आली: दारू विकणाऱ्या किंवा पाजणाऱ्या दुकानाच्या पाटीवर महापुरुषांची किंवा गडकिल्ल्यांची नावं लावायची नाहीत.