कॉटन समजून कापलं आणि निघालं रेयॉन

जावेनं परवा जुन्या कुर्त्याचा स्लीव्हलेस टॉप शिवला, बेतला होता एकदम अंगाबरोबर, दिसतही छान होता, आणि दुसऱ्या का तिसऱ्या धुण्यात मुंढ्यापाशी टर्रकन फाटला. ती म्हणे दोरा कच्चा निघाला. दोरा ठणठणीत होता हो, शिवण शाबूत आणि शेजारचं कापड फाटलेलं! कुर्ता रेयॉनचा होता आणि ती इतकी वर्षं त्याला कॉटन समजत होती.

यात तिची एकटीची चूक नाही. नाशकात एप्रिल-मेचं ऊन सुरू झालं की मेनरोडला, शालिमारला कटपीस चाळताना हाताला मऊ लागलं, गार लागलं, छापील असलं की आपण सगळ्याजणी "कॉटन आहे" म्हणून मोकळ्या होतो. त्यात कुणी "रेयॉन कॉटन" म्हणूनही विकतं, म्हणजे नेमकं काय ते देव जाणे.

बरं, जाळून बघा असं सगळे सांगतात, पण इथे तो उपाय चालत नाही. कॉटन कपाशीचं आणि रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून केलेलं, म्हणजे दोन्ही मुळात झाडाचंच, त्यामुळे दोन्ही कागदासारखी जळतात, वासही जळक्या कागदाचा आणि राख मऊ. जाळून कळतं ते पॉलिस्टर, ते वितळून त्याची कडक गोळी होते.

त्यापेक्षा कडेचा एक धागा ओढून काढा, मधोमध थुंकीनं ओला करा आणि दोन्ही टोकं धरून ताणा. ओल्या जागीच पटकन तुटला तर रेयॉन. कॉटनचा धागा ओला झाला की उलट जास्त मजबूत होतो, तो तुटलाच तर कोरड्या भागात तुटतो. उभा आणि आडवा दोन्ही धागे बघा, कधीकधी दोन वेगळे असतात. ओल्या रेयॉनची ताकद जवळपास निम्म्यावर येते, आता काखेत घाम, वर बादलीत भिजवून पिळणं, आणि टॉप फिट, मग मुंढा फाटणार नाही तर काय होणार?

म्हणून माझा हिशोब असा की कॉटनचं काही फिट शिवायचं असेल तर शिवा, प्लेट घ्या, कॉलर करा, नवऱ्याच्या जुन्या शर्टाचा टॉप तर फारच सुबक होतो, बटणपट्टी आयती मिळते. रेयॉनला मात्र चुण्या, घेर, ढगळ बाही, खोल मुंढा. ते अंगावर सुंदर पडतं, कॉटन तसं पडत नाही, हेही खरं. कापताना सळसळ सरकतं म्हणून खाली वर्तमानपत्र घालून टाचण्या लावा, सुई ११ नंबरची घ्या, इस्त्री उलट्या बाजूनं, आणि घेर असेल तर रात्रभर हँगरला टांगून मगच खालची पट्टी दुमडा, कारण तिरका भाग लोंबतो आणि सकाळी एक बाजू लांब झालेली असते.

अजून एक, यात मी स्वतः फसलेय. जुना कुर्ता धुऊन धुऊन आटायचा तेवढा आटलेला असतो, पण ड्रेस शिवून उरलेला तुकडा कोराच असतो. जुन्या कॉटनच्या पाठीला कोऱ्या रेयॉनचा योक, म्हणजे खांद्याजवळचा वरचा जोड, लावला, पहिल्याच धुण्यात योक आटला आणि पाठीला सगळ्या सुरकुत्या, आता तो टॉप फक्त घरात घालते. उरलेला तुकडा, मग कॉटन असो की रेयॉन, आधी भिजवून वाळवून घ्या, नाशिकच्या उन्हात तासाभराचं काम आहे.

आणि हो, शेवटी उरलेल्या रेयॉनच्या चिंध्या फरशी पुसायला नका काढू, ओल्या झाल्या की हातातच फाटतात. माझ्याकडे त्या उशीत भरायला जातात, पुसायला कॉटनच्या.