भोंगाशाळा

वीटभट्टीवर हंगामापुरत्या आलेल्या मजुरांच्या मुलांसाठी भट्टीच्या आवारातच भरणारी तात्पुरती शाळा. ही संज्ञा प्रामुख्याने ठाणे जिल्ह्यात रूढ झाली. जुन्या लेखनातील ‘ठाणे जिल्हा’ अविभाजित असल्याचे ध्यानात ठेवावे लागते. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर वेगळा झाला, आणि वसई, वाडा, डहाणू, जव्हार, मोखाडा हे या विषयात वारंवार येणारे तालुके तिकडे गेले. भिवंडी, कल्याण, शहापूर, मुरबाड ठाण्यात राहिले.

संज्ञा : प्रमाण मराठीत भोंगा म्हणजे गिरणीचा कर्णा. त्यामुळे, विशेषतः यंत्रमागांच्या भिवंडीचे नाव जोडीला आले की, ‘भोंगा वाजल्यावर भरणारी शाळा’ असा अर्थ शहरी वाचक लावतो. तो ग्राह्य नाही. भट्टीवर भोंगा वाजत नाही. मजूर कच्च्या विटा रचून, वर गवत-पेंढा टाकून जी ठेंगणी खोप उभारतात तिला भट्टीवर भोंगा म्हणतात. आत शिरताना वाकावे लागते. आतून पोकळ व तोंडाशी उघडी वस्तू हा मूळ अर्थ धरल्यास कर्णा आणि खोप हे दोन्ही एकाच शब्दाचे विस्तार ठरतात, आणि तेच अधिक संभवनीय वाटते.

उगम : विवेक पंडित व विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसद या संस्थेने 1990च्या दशकाच्या मध्यास या शाळा सुरू केल्या, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वेठबिगारांच्या मुक्तीचे त्यांच्याच श्रमजीवी संघटनेचे काम त्याआधीपासून चालू होते. वेठबिगारी कायद्याने 1976 साली रद्द झाली असली तरी दिवाळीपूर्वी मालकाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत भट्टी सोडता न येणे ही तिचीच छटा आहे. शाळेचा प्रश्न या कामातूनच पुढे आला. काही जण भोंगाशाळेचे मूळ ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या कोसबाडच्या (ता. डहाणू) कुरणशाळेत, म्हणजे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरणाऱ्या शाळेत, पाहतात. शाळेने मुलाकडे जायचे, हे सूत्र दोन्हींत समान आहे खरे. पण कुरणशाळेतील मूल गुरांमागे गेले तरी आपल्याच गावात असते, भट्टीवरच्या मुलाचे गावच बदललेले असते. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखर कारखान्याच्या तळावर भरणाऱ्या साखरशाळेशी साम्य अधिक जवळचे. मात्र कारखान्याच्या तळावर शेकडो कुटुंबे एकत्र सापडतात, तर भट्ट्या विखुरलेल्या आणि प्रत्येकीवर कुटुंबे मोजकीच.

स्थलांतराचे चक्र : कातकरी, वारली, ठाकूर कुटुंबे पावसाळ्यात आपल्या तुकड्यावर किंवा दुसऱ्याच्या शेतात भाताची लावणी-कापणी करतात. भात झोडून झाले की भट्टी. भट्टीलाही भातशेतीच लागते : माती शेतातली, जळणात भाताचा तूस, हात शेतमजुराचे. हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन पावसाच्या तोंडावर संपतो. शाळेचे दुसरे सत्र नेमके याच काळात येते. मूल जूनमध्ये पटावर असते आणि दिवाळीच्या सुटीनंतर दिसेनासे होते, ही गळतीची ठाण्यातील नेहमीची रीत. एकूण दिवस मोजले तर मूल जवळजवळ अर्धे वर्ष शाळेत असते. परीक्षा मात्र उरलेल्या अर्ध्यात होते.

मजुरी हजार विटांमागे, आणि कामाचे एकक ‘जोडी’, म्हणजे नवराबायको. रात्री भिजवलेला गारा पहाटे तुडवायचा, ऊन चढण्याआधी साच्यातून विटा पाडायच्या. त्या अर्धवट सुकल्या की कडेवर उभ्या करण्याचे काम मुलांकडे येते. मुलाचे वजन कमी, त्यामुळे ओळींतून फिरताना ओली वीट दबत नाही, असे त्याचे कारण सांगितले जाते. हिशेबात या हातांची नोंद नसते. म्हणून भोंगाशाळेला सरकारी शाळेची अकरा ते पाच ही वेळ चालत नाही; विटा पलटून झाल्यावर ती भरते. शिक्षक संस्थेने नेमलेले स्थानिक तरुण-तरुणी. एकाच खोपीत सर्व इयत्ता.

कायदा व शासन : शिक्षण हक्क कायदा (2009, अंमल 1 एप्रिल 2010 पासून) वयानुरूप वर्गात प्रवेश देतो. शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पुढे गावच्या शाळेने स्थलांतरित मुलाला शिक्षण हमी पत्रक द्यावे व ते पाहून भट्टीजवळच्या शाळेने त्याला बसवून घ्यावे, अशी व्यवस्था झाली. दुसरा मार्ग हंगामी वसतिगृहाचा; आईबाप जातात, मूल गावी राहते. धाकट्या भावंडाला सांभाळणारी आठ-नऊ वर्षांची मुलगी मात्र सहसा भट्टीवरच नेली जाते, आणि तिच्यासाठी भोंगाशाळाच सोयीची, कारण तेथे ती भावंडाला कडेवर घेऊन बसू शकते.

व्यवसाय-प्रशिक्षण : भोंगाशाळा मुळात अक्षरओळख व प्राथमिक इयत्तांपुरती. विटा पाडणे, भट्टी रचणे ही कौशल्ये आईबापांकडून मुलांकडे जातात. त्यांचे प्रमाणपत्र नसते. कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र, जव्हारकडील वाडी प्रकल्प यांतून फळझाडे व मोगऱ्याच्या लागवडीचे प्रशिक्षण मिळते, पण त्याला थोडी तरी स्वतःची जमीन लागते. कातकऱ्यांत ती क्वचितच असते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत काही व्यवसायांना आठवी, बहुतेकांना दहावी उत्तीर्ण असावे लागते. तेथील प्रवेश पावसाळ्यात, कुटुंब गावी असतानाच होतात. पण तोवर मुलगा पंधरा-सोळाचा झालेला असतो, आणि पुष्कळदा त्याच्या लग्नासाठी घेतलेल्या उचलीवर पुढच्या हंगामाची नवी जोडी ठरलेली असते.