ओपन-वर्ल्ड आरपीजी : कथा आणि गेमप्ले

खेळाडूला विस्तीर्ण काल्पनिक प्रदेशात मनाला येईल तिकडे फिरू देणाऱ्या भूमिकाप्रधान व्हिडिओ गेममध्ये (आरपीजी) लिहिलेली कथा आणि लढाई, शोध, कौशल्यवाढ, व्यापार ही खेळाची यंत्रणा यांचा मेळ घालण्याचा प्रश्न. कथेला क्रम लागतो आणि निकडही लागते. मोकळ्या जगात क्रम खेळाडू ठरवतो आणि निकड त्याच्यासाठी ताटकळत राहते. बहुतेक वादांचे मूळ या वेळेच्या प्रश्नातच आहे.

या प्रकाराचा उगम कोठे धरावा याबद्दल एकमत नाही. सामान्यतः तो गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या बैठ्या खेळापर्यंत मागे नेतात. त्यात ‘डन्जन मास्टर’ हा एकच माणूस गोष्ट सांगतो आणि नियमही चालवतो. खेळाडू आडवाटेला गेले की तो गोष्ट तिकडे वळवतो. संगणकावर हा माणूस उरला नाही. पहिला ओपन-वर्ल्ड आरपीजी म्हणून काहीजण रिचर्ड गॅरियट यांच्या ‘अल्टिमा’कडे (१९८१) बोट दाखवतात. मोकळ्या जगाच्या संदर्भात ‘एलिट’ या अंतराळातील व्यापाराच्या खेळाचेही (१९८४) नाव येते, पण त्यात पात्राच्या घडणीला फारसा वाव नसल्याने पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ‘अल्टिमा ४’ (१९८५) जास्त मोलाचा आहे. त्याचे ध्येय खलनायकाचा वध हे नसून आठ सद्गुण अंगी बाणवणे हे आहे. जादूचे साहित्य विकणारी बाई आंधळी आहे. किती नाणी द्यायची ते खेळाडूच सांगतो. कमी दिली तरी ती हरकत घेत नाही, मात्र त्याचा प्रामाणिकपणा न सांगता घटतो. दुकानातल्या साध्या व्यवहारातून कथा सांगण्याचे इतके नेमके उदाहरण पुढेही क्वचितच आढळते.

सैद्धांतिक चर्चा १९९७ च्या सुमारास आकाराला आली. जॅनेट मरे यांनी संगणकीय माध्यमाकडे कथनाचे नवे रूप म्हणून पाहिले, तर एस्पेन आर्सेथ यांनी वाचकाला श्रम करायला लावणाऱ्या संहितांचा वेगळा विचार मांडला. ‘लुडॉलॉजी’ (खेळांचा खेळ म्हणूनच अभ्यास) ही संज्ञा गोन्झालो फ्रास्का यांच्या १९९९ मधील लेखामुळे रूढ झाली. तुरळक वापर त्याआधीही झालेला दिसतो. खेळाला कथन मानणारे आणि लुडॉलॉजीवाले असे दोन तट पडल्याचे वर्णन पुष्कळ ठिकाणी येते, पण असा वाद खरे तर झालाच नाही, असे खुद्द फ्रास्का यांनी २००३ मध्ये लिहिले. हेन्री जेन्किन्स यांनी २००४ मध्ये डिझायनरला गोष्ट सांगणारा न मानता कथेसाठी जागा रचणारा मानले. ओपन-वर्ल्ड खेळांना हीच भूमिका सर्वांत लागू पडते. क्लिंट हॉकिंग यांनी २००७ मध्ये ‘बायोशॉक’ या खेळाविषयी लिहिताना ‘लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’ हा शब्द वापरला : कथा एक सांगते, यंत्रणा दुसरेच करायला लावते. ‘बायोशॉक’ स्वतः ओपन-वर्ल्ड नाही, पण संज्ञा इकडे चिकटली.

‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतील ‘मॉरोविंड’मध्ये (२००२) कायस कोसाडेस हा वरिष्ठ नवख्या खेळाडूला पैसे देऊन सांगतो, की आधी एखाद्या संघात जा, अनुभव घे, मग ये. भटकंतीची सवड अशी कथेनेच दिली आहे. महत्त्वाचे पात्र मारले तर भविष्यवाणीचा धागा तुटल्याचा संदेश येतो. जुना सेव्ह (आधी साठवून ठेवलेला खेळ) उघडायचा की त्या बुडालेल्या जगातच राहायचे, हे खेळाडूवर सोडलेले असते. याच मालिकेतील ‘ऑब्लिव्हियन’मध्ये (२००६) अशी पात्रे मरत नाहीत, बेशुद्ध पडतात आणि उठतात. कथा सुरक्षित राहते, पण खेळाडूच्या कृतीचे वजन जाते. त्यानंतरच्या ‘स्कायरिम’मध्ये (२०११) जेमतेम जादू येणारा योद्धाही जादूच्या विद्यालयाचा प्रमुख होतो. ‘मॉरोविंड’मध्ये बढतीसाठी ठरावीक कौशल्य लागत असे.

‘द विचर ३’मध्ये (२०१५) मुलीसारख्या सिरीचा जीवघेणा पाठलाग चालू असताना नायक गेराल्ट खुशाल ग्वेंट हा पत्त्यांचा खेळ खेळू शकतो. ही विसंगती खरीच आहे. मात्र वेलेन या प्रदेशातील टेकडीवर अडकलेल्या आत्म्याला मुक्त केले तर अनाथ मुले वाचतात आणि तिथल्या बॅरन या सरदाराच्या घराचा नाश होतो. हा परिणाम बराच उशिरा कळल्याने मागचा सेव्ह उघडून निर्णय फिरवावासा वाटत नाही.

‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ने (२०१७) प्रश्न निराळ्या मार्गाने हाताळला. आपत्ती शंभर वर्षांपूर्वीच घडून गेली आहे, गोष्ट विखुरलेल्या आठवणींत आहे, आणि सुरुवातीचे पठार ओलांडल्यावर खेळाडू थेट गॅनन या खलनायकाकडेही जाऊ शकतो. ‘एल्डन रिंग’मध्ये (२०२२) बरीचशी कथा तलवारी, चिलखते आणि ताईत यांच्या वर्णनांत दडलेली आहे; ती वाचायला खेळाडूला स्वतःची पिशवी उघडावी लागते.