स्टार्टअप प्रोग्रॅम (संगणक)

संगणक सुरू झाल्यावर, कोणी आयकॉनवर क्लिक न करता, आपोआप चालू होणारे प्रोग्रॅम. या व्यवस्थेला ‘ऑटो-स्टार्ट’ असेही म्हणतात. बोलताना मात्र ‘हे स्टार्टअपला टाकून द्या’ असेच सांगितले जाते.

‘संगणक सुरू झाल्यावर’ या शब्दांत एक गफलत आहे. विंडोजमध्ये असे बहुतेक प्रोग्रॅम संगणक चालू होताना नव्हे, तर वापरकर्त्याने लॉगिन केल्यावर सुरू होतात. पासवर्ड मागणारा पडदा समोर असेल, तर ते तिथेच थांबून राहतात. लॉगिनच्या आधीपासून चालतात त्या ‘सर्व्हिसेस’. अँटिव्हायरस, प्रिंटरची रांग, डेटाबेस यांचे काम या सर्व्हिसेस पडद्याआड करतात. हा फरक नाशिक जिल्ह्यात सर्वांत चांगला समजतो तो भुईकाट्यावर. लासलगावला कांद्याचा लिलाव झाला की ट्रॅक्टर काट्यावर येतो, भरलेल्या गाडीचे वजन होते, माल खळ्यावर उतरतो आणि रिकाम्या गाडीचे वजन पुन्हा घेतले जाते. काट्याचा आकडा केबलमधून संगणकात येतो आणि पावती छापली जाते. मध्येच लाइट गेली आणि परत आली, तर मागे उभी असलेली रांग संगणकासाठी थांबत नाही. अशा ठिकाणी तीन गोष्टी एकत्र जमाव्या लागतात: वीज येताच संगणक स्वतः चालू व्हावा (ही सोय बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये असते), लॉगिन आपोआप व्हावे आणि वजनाचा प्रोग्रॅम स्टार्टअपला असावा. यातली एक राहिली तरी माणसाला खुर्चीवरून उठावेच लागते. आपोआप लॉगिनची सोय काट्याच्या खोलीत चालेल. सेवा केंद्रात ती कधीही ठेवू नये, कारण तिथल्या संगणकात लोकांचे आधार आणि दाखले असतात.

ही कल्पना जुनी आहे. विंडोजच्या आधीच्या, आज्ञा टाइप करून चालवायच्या डॉसच्या काळात ‘ऑटोएक्झेक डॉट बॅट’ नावाची साधी मजकुराची फाइल असे. संगणक चालू होताच तिच्यातल्या आज्ञा एकामागून एक पार पडत आणि शेवटच्या ओळीत हिशोबाच्या प्रोग्रॅमचे नाव लिहिले की तो थेट समोर येई. विंडोज ३.१ (१९९२) मध्ये ‘स्टार्टअप’ नावाचा गट होता. विंडोज ९५ (१९९५) मध्ये स्टार्ट मेनूत त्याच नावाचे फोल्डर आले आणि रजिस्ट्रीतल्या (विंडोज आपली सेटिंग जिथे साठवते त्या नोंदवहीतल्या) ‘रन’ या नोंदी वापरात आल्या. हे दोन्ही मार्ग आजही चालतात.

हाताने करायचे असल्यास विंडोजचे बटण आणि ‘आर’ एकत्र दाबून, उघडलेल्या चौकटीत इंग्रजीत ‘शेल’, मग कोलन, मग ‘स्टार्टअप’ असे सलग टाइप करतात. जे फोल्डर उघडते त्यात हव्या त्या प्रोग्रॅमचा शॉर्टकट ठेवला की काम झाले. हे फोल्डर फक्त त्या एका वापरकर्त्याचे असते. सर्वांसाठीचे वेगळे असते. प्रोग्रॅम काही मिनिटांनी सुरू व्हायला हवा असेल, तर विंडोजमधले ठरल्या वेळी काम सुरू करणारे ‘टास्क शेड्युलर’ वापरतात.

नेहमी आढळणारी एक चूक सांगायला हवी. वजनाच्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये ‘विंडोजबरोबर सुरू करा’ यावर टिक असते आणि कोणीतरी फोल्डरातही शॉर्टकट टाकतो. मग एकाच प्रोग्रॅमच्या दोन प्रती उठतात. पहिली सीरियल पोर्ट (काट्याची केबल जिथे जोडतात ती जागा) धरून बसते आणि दुसरी ‘पोर्ट वापरात आहे’ अशी तक्रार करते. केबल ठीक असते, काटाही ठीक असतो. दोनपैकी एक नोंद काढली की पावत्या पुन्हा निघू लागतात.

उलट बाजू तितकीच महत्त्वाची आहे. जूनमध्ये उत्पन्नाच्या आणि नॉन-क्रिमिलेअर दाखल्यांसाठी सेवा केंद्राबाहेर मुले आणि पालक उभे असतात आणि आत संगणक दहा मिनिटे गरगरत बसतो. जुन्या हार्डडिस्कचे वाचणारे टोक एका वेळी एकाच जागी असू शकते. दहा-बारा प्रोग्रॅम एकदम उठले की ते सारखे इकडून तिकडे धावते आणि सगळेच रखडतात. एसएसडी या नव्या प्रकारच्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये असे फिरते टोकच नसल्याने हा त्रास बराच कमी होतो. अशा केंद्रात स्टार्टअपला तीनच गोष्टी पुरतात: अँटिव्हायरस, मराठी टायपिंगचा कीबोर्ड आणि डिजिटल सहीचा प्रोग्रॅम. चॅट, गाणी, गेम यांचे प्रोग्रॅम इन्स्टॉल होताना न विचारता या यादीत घुसतात आणि ही सवय वाईटच आहे. यादीत कोण राहील, हे त्या संगणकावर काम करणाऱ्याने ठरवायचे असते.

विंडोज ८ (२०१२) पासून ही यादी टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रॅम दाखवणाऱ्या विंडोजच्या चौकटीत दिसते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबावे. प्रत्येक नावापुढे त्याचा भार कमी, मध्यम की जास्त हे लिहिलेले असते. ‘डिसेबल’ केल्याने प्रोग्रॅम पुसला जात नाही, फक्त आपोआप उठत नाही. हे कळले की लोक निर्धास्तपणे यादी साफ करतात. ओळखीचे नसलेले नाव आधी तपासावे. व्हायरसही याच ‘रन’ नोंदींत आपली जागा करतात, म्हणजे संगणक बंद करून चालू केला तरी ते परत येतात. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातले ‘ऑटोरन्स’ हे मोफत साधन टास्क मॅनेजरमध्ये न दिसणाऱ्या जागाही दाखवते. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरतेच सुरू केल्यावर, हे प्रोग्रॅम सहसा सुरू होत नाहीत, म्हणून संगणक अगदीच अडला तर दुरुस्ती तिथून करतात.

लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्यांत हे काम ‘सिस्टिमडी’ पाहते, डेस्कटॉपपुरते ‘ऑटोस्टार्ट’ फोल्डर असते. मॅकमध्ये ‘लॉगिन आयटम्स’ आणि ‘लाँचडी’ आहेत.