हात कोरडे पडतात एका कारणाने, म्हातारे दिसतात दुसऱ्याच

हाताला एक नव्हे, दोन प्रकारची त्वचा असते. तळव्याची त्वचा जाड असते आणि तिच्यात तेलग्रंथी नसतात. हाताच्या पाठीची त्वचा पातळ असते, तिच्याखाली चरबी जेमतेम, आणि ती दिवसभर उन्हात उघडी. तळवा आणि बोटं मुख्यतः धुण्यानं बिघडतात, पाठ मुख्यतः उन्हानं. हा फरक कळायला फार काळ गेला आणि हँड क्रीमच्या वेष्टनावर तो आजही दिसत नाही. त्यामुळे वर्षभर नेमानं क्रीम लावूनही डाग जात नाहीत तेव्हा लोक क्रीमला दोष देतात.

सुरुवात तेल आणि मेणापासून झाली. दुसऱ्या शतकातला वैद्य गॅलन याच्या नावावर असलेल्या लेपात मधमाशीचं मेण, ऑलिव्हचं तेल आणि गुलाबपाणी असे. पाणी उडून जाताना गार वाटे, म्हणून पुढे या प्रकाराला कोल्ड क्रीम म्हणू लागले. त्याची दोन दुखणी होती. पाणी सुटून वर येई आणि तेल खवट होई. पहिल्यावर एकोणिसाव्या शतकात टाकणखार घालण्याचा उपाय निघाला, कारण तो मेणातल्या आम्लांशी मिळून साबणासारखा पदार्थ बनवतो आणि तेल-पाणी धरून ठेवतो. दुसऱ्यावर खनिज तेलाचा.

त्याच शतकात बाकीचं साहित्य हाती आलं. 1872 मध्ये रॉबर्ट चेझब्रो यांनी व्हॅसलिनचं पेटंट घेतलं. 1882 मध्ये जर्मनीत लिब्राइश आणि ब्राउन यांनी लोकरीच्या मेणातून लॅनोलिन शुद्ध केलं. ग्लिसरीन त्याआधीच, 1779 मध्ये, शेले यांना सापडलं होतं. लोकरीच्या मेणातूनच काढलेल्या युसेरिट या पायसकारकामुळे (तेल आणि पाणी एकत्र बांधणाऱ्या पदार्थामुळे) तेलात पाणी टिकून राहू लागलं आणि 1911 मध्ये त्यावर निव्हिया बाजारात आलं. पण यातलं नेमकं काय आणि का लागू पडतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तेलानं कातडी मऊ होते, एवढीच समजूत होती.

ती समजूत 1952 मध्ये अमेरिकन संशोधक अर्विन ब्लँक यांनी मोडली. त्यांनी त्वचेच्या वरच्या मृत थराचे सुकलेले तुकडे घेतले. तेलात बुडवून ठेवले तरी ते ठिसूळच राहिले. पाणी मिळताच लवचिक झाले. मऊपणा पाण्याचा, तेलाचं काम ते पाणी अडवण्याचं. हाताची निगा राखण्याबद्दल याहून महत्त्वाचा शोध आमच्या मते दुसरा नाही, आणि दैनंदिन सवयीत सर्वांत कमी उतरलेलाही हाच. कोरड्या ठणठणीत हातावर व्हॅसलिन चोळलं तर आत अडवायला फारसं काही नसतंच. हात धुवा, टॉवेलानं टिपा, घासू नका, आणि ओल पुरती जायच्या आत, मिनिटभरातच, क्रीम लावा. दोन्ही हातांना मिळून सुमारे 1 ग्रॅम पुरतं. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून पिळलेली एक रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती एका हाताच्या दोन्ही बाजूंना पुरते. ग्लिसरीन निव्वळ लावू नये. ते पाणी ओढून घेतं, आणि हवा कोरडी असली तर त्वचेतलंच ओढतं, शिवाय हात चिकट होतात ते वेगळंच. तळवे खरखरीत असतील तर 5 ते 10 टक्के युरिया असलेलं क्रीम चांगलं. भेगा उघड्या असताना मात्र ते झोंबतं.

धुण्याची बाजू इस्पितळांतून कळत गेली. 1847 मध्ये व्हिएन्नात इग्नाझ झेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणात हात धुवायला लावले. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं घटले, पण असली द्रावणं हातांना कडकच. बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये शल्यक्रियेच्या परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांचे हात पाऱ्याच्या क्लोराइडनं सोलवटले, तेव्हा सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. हे 1889-90 च्या सुमाराचं. म्हणजे शस्त्रक्रियेतले हातमोजे आले ते आधी कातडी वाचवायला. रुग्णाला होणारा संसर्ग त्यानं कमी होतो हे नंतर ध्यानात आलं. मोज्यांची अडचण अशी की आत घाम साचतो आणि भिजून फुगलेली त्वचा पुन्हा कमजोर होते. भांडी घासताना आत सुती मोजे घाला आणि आतून ओले झाले की बदला.

साबणाचा सामू 9 ते 10, त्वचेचा 5 च्या आसपास. साबण मळाबरोबर वरच्या थरातली चरबीही नेतो आणि गरम पाणी त्यात भर घालतं. म्हणून कोमट पाणी घ्यावं, आणि हातांवर मळ दिसत नसेल तर ग्लिसरीनयुक्त अल्कोहोलचा सॅनिटायझर वापरावा. तो साबणापेक्षा कमी त्रासदायक ठरतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या मार्गदर्शिकेतही आहे. भेगांवर तो झोंबतो म्हणून लोक त्यालाच कारण समजतात. भेगा बहुधा साबणानं आधीच पडलेल्या असतात.

हाताच्या पाठीवरचे तपकिरी डाग आणि सुरकुत्या यांचा याच्याशी फारसा संबंध नाही. त्या मुख्यतः उन्हानं होतात, वयानं नव्हे, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांच्या कामातून ठसलं. 1988 मध्ये मिशिगनमधल्या चाचणीत 0.1 टक्का ट्रेटिनॉइन हे अ-जीवनसत्त्वाच्या जातीचं औषध चेहऱ्यावर आणि कोपराखालच्या हातावर 16 आठवडे लावून उन्हानं झालेलं नुकसान काही अंशी भरून येतं असं दिसलं. पण बहुतेकांची त्वचा लाल होऊन सोलली. हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानंच, रात्री, थोडंसं, आधी एक दिवसाआड लावायचं, गरोदरपणात नाहीच.

सनस्क्रीनची ताकद चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम थर धरून मोजतात. त्या हिशेबानं दोन्ही हातांच्या पाठींना सुमारे पाऊण ग्रॅम लागतं; लोक त्याहून बरंच कमी लावतात आणि पहिल्याच हात धुण्यात तेही जातं. गाडी चालवताना खिडकीच्या काचेतून अतिनील-ए किरणं येतातच, तेव्हा धुतल्यावर पुन्हा लावणं किंवा पूर्ण बाह्या आणि मोजे, एवढेच पर्याय.

शिरा आणि कंडरा वर दिसू लागणं हा तिसराच प्रकार. तिथं खालची चरबी कमी झालेली असते. क्रीम तिथवर पोचत नाही. त्यासाठी कॅल्शियम हायड्रॉक्सिलअपेटाइटच्या फिलरला, म्हणजे त्वचेखाली सुईनं भरायच्या पदार्थाला, अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएनं 2015 मध्ये हाताच्या पाठीसाठी मान्यता दिली. परिणाम काही महिनेच टिकतो, सूज आणि निळसर डाग येतात, आणि अंगठीच्या बोटाशी सूज आली तर अंगठी अडकते, म्हणून ती आधीच काढून ठेवायची.